बकारीसाठी सोडलेली जागा

ऑफिसच्या पार्किंगमधली पेअरची झाडं पुन्हा फुलली आहेत. लांबून बघितलं तर कुणालाही छान वाटावा असा पांढराशुभ्र फुलोरा, आणि जवळ गेलं की सुकटीचा वास. नोकरीच्या निमित्तानं इथे डब्लिनला, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनला आल्यापासून दर वसंतात हे असंच होतं. बरोबरीचे लोक नाक मुरडत गाडीत बसतात. माझ्या नाकाची काही तक्रार नाही, आमच्या घरी सुकट आवडीनं खाल्ली जायची. हात मात्र आपोआप पर्समधल्या फोनकडे जातो. कुणाचा मेसेज यायचाय असं विचारलं तर सांगता येणार नाही, कारण तसा कुणाचाच यायचा नसतो. तरी फोन बाहेर काढून एकदा बघितल्याशिवाय माझी गाडी सुरू होत नाही.

काळजी करणं आमच्या घराण्यातच आहे. नागपूरला बाबा अजूनही मी विमानात बसले की टीव्ही बंद करून ठेवतात, बातमी यायला नको म्हणून. मी त्यांना हसते, आणि इथे लिफ्टमध्ये शिरताना स्वतः जिना कुठे आहे ते बघून ठेवते. पण हा वास आला की जी धाकधूक सुरू होते ती बाबांकडून आलेली नाही. ती स्टेट कॉलेजच्या एका वसंताची आहे.

स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांमधल्या एका विद्यापीठाच्या गावाचं नाव. मी तिथे ध्वनिशास्त्रात पीएचडी करत होते. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, एकीत मी आणि दुसरीत आवा. आवा बुर्किना फासोची, बोबो-जुलासो नावाच्या गावची. ती मातीवर संशोधन करायची आणि खिडकीत वाट्यांमधून वेगवेगळ्या रंगांची माती वाळत घालायची. मी माझे शेंगदाणे भाजायला काढले की तीही तिचे काढायची. तिच्या आमटीत शेंगदाण्याचं कूट माझ्या आईपेक्षा जास्त असायचं, त्यामुळे ओळख व्हायला फार दिवस लागले नाहीत. आम्ही बोलायचो इंग्रजीत, पण आता आठवताना तिचं बोलणं मला मराठीतच ऐकू येतं.

आवा आणि तिचा धाकटा भाऊ बकारी ही गाण्याबजावण्याची जोडी होती. जोडीला नाव नव्हतं, कारण नावावरून दोघांचं भांडण मिटत नव्हतं. बकारी तिकडे बोबोच्या घरच्या अंगणात बालाफोन वाजवायचा आणि ती इकडे आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसायची. तो फोनवर व्हॉइस नोट पाठवणार. त्यात बालाफोन, मागे कोंबड्या, एखादी मोपेड, कुणीतरी उखळात काहीतरी कांडत असलेलं. ही त्याच्याखाली नाचाचा ठेका घालणार. क्लबात छातीत वाजतो तसा जाडजूड ठेका, आमच्या सिंकमधले चमचे थरथरायचे. मग तो ठेका परत बोबोला जाणार, त्यावर तो आणखी वाजवणार. अशी गाणी महिना महिना ये-जा करायची. जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ते मला कधी सांगता आलं नाही, आणि सांगायचा प्रयत्न केला की आवा वैतागायची.

बालाफोन म्हणजे लाकडी पट्ट्यांची रांग, आणि प्रत्येक पट्टीखाली टांगलेला एक सुका भोपळा. भोपळ्याला भोक पाडून त्यावर पातळ पापुद्रा चिकटवतात. पूर्वी कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचा असायचा, आता प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडाही चालतो. पट्टीवर मारलं की स्वर निघतो आणि त्या स्वराच्या अंगाला एक गुणगुण लागून येते. ही गुणगुण नसली तर वाद्य आजारी आहे असं बकारीचे वडील म्हणायचे. आमच्या लॅबमध्ये या असल्या आवाजाला काढून कसं टाकायचं यावर लोक डिग्र्या घेत होते. मला मात्र ती गुणगुण पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली. बाबा हौसेनं एका गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, आणि ज्या गायकाच्या गळ्यात थोडी खरखर असेल त्याच्याच पाठीमागे बसायला त्यांना आवडायचं.

एकदा आवानं विचारलं, तुमच्या घराण्याचं वाद्य कोणतं? तिच्या घराण्याचं बालाफोन, पिढ्यान् पिढ्या, जन्मानं. ‘जन्मानं’ हा शब्द ती सहज उच्चारायची आणि मी तिथे अडखळायचे. मी तिला सांगितलं की माझ्या आजोबांच्या घरात हलगी होती, गावात कुणी मेलं, कुणाचं लग्न निघालं की ती वाजवायला जावंच लागायचं, न जाण्याची सोय नव्हती. आजोबांनी ती एक दिवस खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. आमच्या घरात अभिमानानं सांगायची गोष्ट ती हीच. बाबांनी ढोलकी घेतली ती स्वतःच्या मर्जीनं, चळवळीच्या गाण्यांसाठी. आवानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आमच्याकडेही तसं सगळं सरळ नाही. लग्नात वाजवायला आम्ही लागतो. लग्न करायला चालत नाही.” आणि त्यांच्या घरात बाईनं बालाफोनला हात लावायचा नसतो, तेही तिनं सांगितलं. लॅपटॉप कुणाच्याच घराण्याचा नाही, म्हणून तिनं तो घेतला होता.

त्यांच्या वाजवण्यात एक गोष्ट मला सुरुवातीला चुकीची वाटली होती. बकारीच्या नोटमध्ये मध्येच सगळं थांबायचं. कोंबड्या ऐकू यायच्या, बालाफोन नाही. मला वाटलं फाइल तुटली. आवा म्हणाली, “ती माझी जागा आहे. तिथे मी येणार.” तसंच तिच्या ठेक्यातही भोकं असायची, ती बकारीची. कुठे किती थांबायचं हे त्यांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं. लहानपणी एका ताटात जेवताना भावाबहिणींना कळतं की दुसऱ्याचा हात आता येणार, तसं असेल.

एप्रिलमध्ये आमची जयंती. त्या भागातली आणि लांबलांबची मिळून पुष्कळ मराठी कुटुंबं एक हॉल भाड्यानं घ्यायची. वंदना, भाषणं, मुलांचे नाच, जेवण. वानखेडे काका डब्लिनहून व्हॅनमध्ये स्पीकर घालून पाच तास ड्राइव्ह करत यायचे. साउंड त्यांच्याकडे, आणि त्यात दुसऱ्या कुणी बोट घातलेलं त्यांना खपायचं नाही. दर वर्षी एक वाद ठरलेला. मोठ्यांना हार्मोनियम-ढोलकीवरची गाणी हवी, पोरांना नागपूरच्या मिरवणुकीसारखा डीजे हवा. त्या वर्षी मी मीटिंगमध्ये म्हणाले, माझी रूममेट आणि तिचा भाऊ दोन्ही एकदम करतात.

काकांनी क्लिप ऐकली. “म्युझिक तर भारी आहे. वंदना झाल्यावर ठेवू. भाऊ येतोय ना पण?”

भाऊ येणार होता. उन्हाळ्यातल्या एका महोत्सवानं दोघांना बोलावलं होतं, त्यासाठी बकारीनं व्हिसाचा अर्ज केला होता. वेळेत मिळाला तर तो एप्रिलमध्येच येऊन आमच्याकडेही वाजवणार होता. पहिल्यांदाच दोघं एका खोलीत बसून वाजवतील, म्हणून आवानं बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीला लावून जागा करून ठेवली.

व्हिसाची मुलाखत त्यांच्या देशात होत नव्हती, ती शेजारच्या देशाच्या राजधानीत होती. बकारी बसनं निघाला. रस्ते धोक्याचे होते, हल्ले व्हायचे, पण दुसरा मार्ग नव्हता. बस स्टँडवरून त्याची नोट आली. मागे कंडक्टर ओरडत होता. तो म्हणत होता, पोचलो की कळवतो. आवानं उलट काहीतरी चिडवणारं पाठवलं. त्या मेसेजखाली एक करडी खूण उमटली. ती दुसऱ्या दिवशीही एकच होती.

फोनवरच्या त्या एका खुणेनं माणसाला किती छळावं. पाठवलंय, पण पोचलेलं नाही, एवढंच ती सांगते. आवा दात घासताना बघायची, बसमध्ये बघायची, मातीचं वजन करताना तराजूशेजारी फोन उताणा ठेवायची. तिच्या आईचा फोन यायचा, आणि आई हिलाच विचारायची, काही कळलं का? अमेरिकेत बसलेल्या मुलीला सगळं कळत असणार असं त्या माउलीला वाटत होतं. बातम्यांमध्ये त्या रस्त्याचं नाव कधी यायचं, कधी यायचं नाही. आलं की जीव घाबरायचा. नाही आलं तर मला वाटायचं, कळवायला तिथे कुणी उरलंच नसेल. हे मी आवाला बोलून दाखवलं नाही. तिनंही मला सांगितलं नाही, पण तिची शेंगदाण्याची आमटी दोनदा करपली.

त्या वसंतात एकटी आवाच टांगणीला लागलेली नव्हती. विभागातल्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांचं एकच बोलणं चालायचं, सुट्टीत घरी जायचं की नाही, आणि गेलो तर परत अमेरिकेत येऊ देतील का. कुणी बहिणीच्या लग्नाचं तिकीट कॅन्सल केलं, कुणी वडिलांच्या ऑपरेशनला व्हिडिओ कॉलवरून हजर राहिलं. बाबा मला रोज विचारायचे, “तुझं सगळं व्यवस्थित आहे ना?” व्यवस्थित या शब्दात त्यांना काय काय विचारायचं असायचं ते मला ठाऊक होतं, आणि मी हो म्हणायचे. बाहेर ती पांढरी झाडं फुलून बस स्टॉपवर सुकटीचा वास सुटला होता. मी त्या वासात उभी राहून आवाच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि माझ्या स्वतःच्या काळज्या तिच्या काळजीच्या मागे रांगेत उभ्या राहायच्या.

जयंती जवळ आली तसा मी निखिलला फोन केला. निखिल नागपूरला कॉलेजात माझ्या वर्गात होता, आता सांता क्लाराला एका कंपनीत मशीनला आवाज शिकवतो. मला फक्त मन मोकळं करायचं होतं. तो मनाचा मोठा आहे, आणि मनाचे मोठे इंजिनिअर लगेच उपाय सुचवतात.

“यार प्रज्ञा, तिच्याकडे त्याच्या सगळ्या व्हॉइस नोट्स आहेत ना? पाठवायला सांग. मी मॉडेल ट्रेन करतो. स्टेजवर तोच वाजवतोय असं वाटेल. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

मी आवाला विचारलं. ती बराच वेळ वाट्यांमधली माती चमच्यानं हलवत राहिली आणि म्हणाली, पाठव.

निखिलनं दोन दिवस स्वतःचं काम बाजूला ठेवून ते केलं. फाइल आली त्या दुपारी आम्ही दोघी टेबलाशी बसलो आणि तो फोनवर होता. “कोंबड्या काढल्यात,” तो म्हणाला, “पण भोपळ्यांचं बझिंग ठेवलंय. प्रज्ञानं दम दिला होता.” फाइल सुरू झाली. बकारीच होता. त्याचे हात, ती गुणगुण, खालच्या पट्टीवर येताना जरा रेंगाळायची त्याची खोड. मला आधी माहीत नसतं तर मी फसले असते. आवा हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकत होती, मान खाली घालून.

“छान झालंय,” तिनं हेडफोन काढून सांगितलं. “बकारी इतकं बिनचूक कधी वाजवत नाही.”

निखिल खूश झाला.

“पण हा थांबत नाही,” ती म्हणाली. “मी कुठे येऊ?”

निखिलला कळेना. मग तो म्हणाला, “ओह, सायलेन्स ट्रिम केला मी. सगळे करतात. तो डेटा नसतो ना.” लगेच पुढे, “दॅट्स ईझी, आपण मध्ये गॅप टाकू. कुठे हवेत सांग.”

आवानं निखिलचे आभार मानले, मनापासून मानले, फोन ठेवला. मग मला म्हणाली, “हे मी लावलं आणि आईनं ऐकलं, तर ती म्हणेल, तो येणार नाही असं तू ठरवूनच टाकलंस का?”

त्या क्षणी मला त्या फाइलची भीती वाटली. निखिल काही चुकला नव्हता, आम्हीही लॅबमध्ये तेच करतो. शांतता कापून टाकतो, जागा वाचते. आजही कामावर मी ते बटण दाबते आणि दर वेळी हात किंचित थांबतो.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. बायका पांढऱ्या साड्यांत, मुलं निळ्या फेट्यांत, स्वयंपाकघरातून खिरीचा वास. वंदना झाली, एका मुलीनं इंग्रजीतून छान भाषण केलं. मग आवा लॅपटॉप घेऊन स्टेजवर आली आणि म्हणाली, माझा भाऊ रस्त्यात आहे. मी माझा भाग वाजवते, त्याचा त्याच्यासाठी सोडते. अर्ध्या लोकांना ते नीट कळलं नसावं. टाळ्या पडल्या.

ठेका सुरू झाला तसे पाय हलले. पोरं पुढे आली, दोन काकूही आल्या. जयंतीला नाचायचं म्हणजे कसं हे या लोकांना शिकवावं लागत नाही. हात वर, कमरेतून झोका, समोरच्याच्या डोळ्यांत बघत. आणि ऐन रंगात आवाज बंद पडला. हात वरच्या वर राहिले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि वानखेडे काका उडी मारून वायरींकडे धावले.

मी त्यांच्यामागे गेले. “काका, राहू द्या.”

“अगं, डावा स्पीकर गेला वाटतं. कनेक्शन लूज आहे.”

“काही गेलं नाही. ते तसंच आहे. तिथे तिचा भाऊ वाजवतो.”

“मग तो कुठाय?”

“माहीत नाही, काका. बरेच दिवस कळलेलं नाही.”

काकांनी वायर हातातून सोडली. तेवढ्यात ठेका परत आला, पोरं परत नाचायला लागली. काका तिथेच स्पीकरशेजारी उभे राहिले. दुसऱ्यांदा आवाज थांबला तेव्हा त्यांनी हात समोर जुळवले होते, वंदनेला उभे राहतात तसे. एका मुलानं विचारलं, “Is it over?” त्याच्या आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी आयुष्यभर शांततेची मापं घेत आले आहे. कुठलीही खोली पुरती शांत नसते हे मला माहीत आहे, आणि त्या हॉलमध्येही फ्रीजची घरघर होती, झाकणांचा आवाज होता. पण मी श्वास धरून उभी होते, की आता ठेका परत आलाच नाही तर. आवाचा हात कीबोर्डवर अधांतरी होता. तिचे ओठ हलत होते. नाचणारे हात वर धरून थांबले होते, कुणी खाली घेतले नाहीत.

घरी परतताना गाडीत मी रेडिओ लावला नाही. कार्यक्रमाचा व्हिडिओ एका काकूंनी संध्याकाळच्या आत सगळीकडे टाकला होता.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, फक्त वास आठवतो. फुलं गळून रस्त्याच्या कडेला पांढरी घाण साचली. आवानं सोफा होता तिथे परत आणला नाही. मी समजूत घालायला जायचे आणि दारातूनच परत फिरायचे. आशा धरायची की सोडायची, कुठलं बोललं तर तिला कमी त्रास होईल, ते मला ठरवता येत नव्हतं. बाबांना मी पहिल्यांदा विचारलं, तुम्ही गप्प कसे बसता हो, मी प्रवासात असताना? ते म्हणाले, “बसत नाही. फिरतो घरात.”

एका सकाळी कॅम्पसच्या बसमध्ये आम्ही मागच्या सीटवर होतो. आवाचा फोन वाजला. अनोळखी नंबर, तिच्याच देशाचा, आणि व्हॉइस नोट. तिनं फोन माझ्या हातात दिला.

“तू ऐक आधी,” ती म्हणाली.

“मला तुमची भाषा कुठे येते?”

“आवाज तर कळतो तुला.”

मी इअरफोन कानात घातला. आधी थोडी खरखर, लांब कुठेतरी मोपेड, आणि मग एक तरुण मुलगा भराभर बोलायला लागला. अक्षर कळत नव्हतं. पण व्हॉइस नोटांच्या सुरुवातीला तो घसा खाकरायचा तसा खाकरला होता. मी आवाकडे बघून मान हलवली. एकदा हलवून पुरेसं वाटेना म्हणून पुन्हा हलवली.

तिनं दुसरा इअरफोन घेतला आणि नोट पहिल्यापासून लावली. मी तिच्याकडे बघत होते. ऐकता ऐकता ती मला तुकड्या-तुकड्यांनी सांगत गेली. फोन बसमध्येच चोरीला गेला. पुढे रस्ता बंद झाला, एका खेड्यात अडकून पडला, तिथे टॉवर नव्हता. मुलाखत बुडाली. आता मामाच्या घरी पोचलाय, हा मामाचा नंबर. मामेभावाच्या फोनवर जयंतीचा व्हिडिओ बघितला म्हणतो. सगळा बघितला. मग ती थांबली आणि तिच्या कपाळावर आठी आली.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, दुसऱ्या जागेत तू लवकर आलीस. मी अजून वाजवत होतो.”

नोट संपली. आवानं इअरफोन काढला.

“मी लवकर नव्हते आले,” ती म्हणाली, आणि भरल्या बसमध्ये सगळ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागली.